तिकीट नाही मिळालं, व्हॉलंटियर होऊ का?

प्रश्न: ताई, उन्हाळ्यातल्या एका मोठ्या म्युझिक फेस्टिवलच्या तिकिटासाठी लॅपटॉप उघडून बसले होते, काही मिनिटांत सगळं सोल्ड आउट. मैत्रीण म्हणते व्हॉलंटियर हो, फुकटात एन्ट्री मिळते. पण कामच करत बसले तर गाणी कधी ऐकू? आणि एकटीने जावं का?

उत्तर: जा, नक्की जा, पण ते 'फुकट' आधी डोक्यातून काढ. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिवलला ऑक्सफॅम ही सेवाभावी संस्था १९९३ पासून व्हॉलंटियर स्टुअर्ड (गेट आणि गर्दी सांभाळणारी माणसं) पाठवते, तिथे साधारण आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट असतात आणि तिकिटाएवढं डिपॉझिट आधी भरावं लागतं, शिफ्ट पूर्ण केल्या की ते परत मिळतं. त्या कामाचे पैसे फेस्टिवल ऑक्सफॅमला देतं, म्हणजे तू दांडी मारलीस तर नुकसान तुझ्या एकटीचं नाही. डेन्मार्कचं रॉस्किल्डे फेस्टिवल तर जवळपास ३०,००० व्हॉलंटियर्सच्या जिवावर उभं राहतं. इतर फेस्टिवलचे नियम वेगळे असतील, फॉर्म भरताना शिफ्ट किती, डिपॉझिट किती, कधी परत, हे वाचूनच सही कर.

गाणी ऐकायला मिळतात, पण आपल्याला हवी तीच मिळतील असं नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला कॅम्पसाइटच्या गेटवर रात्री दहा ते सकाळी सहा अशी शिफ्ट लागली आणि ज्या बँडसाठी फॉर्म भरला होता तो साडेदहाला मेन स्टेजवर, मला लांबून नुसता बास ऐकू येत होता, फार वाईट वाटलं. मग पहाटे तीनच्या सुमारास एक मुलगी रडत आली, फोन डेड, तंबू सापडेना, तंबूचा रंग काय तर निळा, आणि तिथे निम्मे तंबू निळेच! सुपरवायझरला सांगून आम्ही दोघी टॉर्च घेऊन रांगेमागून रांग फिरलो, तासभर तरी लागला असेल. सापडल्यावर तिने जी मिठी मारली ती मला त्या बँडपेक्षा जास्त लक्षात आहे, खरंच. (तुझ्या तंबूला एखादं भडक फडकं बांध, ओळखायला सोपं जातं.)

एकटी जायला हरकत नाही, शिफ्टमधली माणसं दुसऱ्या दिवसापर्यंत ओळखीची होतात. फक्त उन्हाचं नीट समजून घे. गर्दीत कुणाला नुसती चक्कर आली, घाम सुटलाय, तर सावलीत बसवून पाणी दे. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा नीट शुद्धीत नसेल तर तो उष्माघात असू शकतो, तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नाही, लगेच वॉकीटॉकीवर मेडिकल टीमला बोलवायचं आणि ते येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहायचं. ट्रेनिंगमध्ये हे सांगतात तेव्हा मोबाइल बघत बसू नकोस ग.

प्रश्न: गेल्या वेळी फेस्टिवलहून आल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. इअरप्लग घातले तर मजा जाते का?

उत्तर: नाही जात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि स्पीकरसमोर तू तासन्‌तास उभी असतेस. फोमच्या प्लगने आवाज गुदमरल्यासारखा येतो हे खरंय, म्हणून फिल्टरवाले म्युझिशियन प्लग घे, त्यात सगळे सूर जवळपास सारखेच कमी होतात आणि गाणं गाण्यासारखं ऐकू येतं. दोन दिवस शिट्टी वाजणं चांगलं लक्षण नाही, अजूनही अधूनमधून वाजत असेल तर यंदा जायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडून ऐकण्याची टेस्ट करून घे.