'वॉकर' आडनावातलं चालणं

प्रश्न असा आला आहे: 'वॉकर हे इंग्रजी आडनाव जिकडेतिकडे दिसतं. त्याचा अर्थ "चालणारा" असाच घ्यायचा का? नुसतं चालणं हा काही धंदा होऊ शकत नाही, मग हे आडनाव पडलं कशावरून? आणि आपल्याकडे त्याच्या जोडीचं एखादं आडनाव आहे का?'

शंका अगदी रास्त आहे, कारण वॉकर हे धंद्यावरून पडलेलंच आडनाव आहे. धंदा होता लोकरीचं कापड मळून, तुडवून घट्ट करण्याचा.

जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ लोळवणं, घुसळणं, हेलकावे देणं. समुद्राच्या लाटा उसळतात, त्यासाठीही हा धातू वापरत. त्यापासून 'वेआल्केरे' म्हणजे कापड मळणारा. त्या काळात या धातूला 'पायी चालणं' हा अर्थ अजून चिकटलेलाच नव्हता. तो पुढे, बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. म्हणून 'कापडावर चालायचे म्हणून वॉकर' ही नेहमी सांगितली जाणारी व्युत्पत्ती ऐकायला सोपी असली तरी उलटी आहे. क्रियापदानं अर्थ बदलला आणि आडनावात जुना अर्थ राहून गेला. जर्मनमध्ये 'वाल्कन' या क्रियापदाचा अर्थ आजही कापड मळणं असाच आहे, आणि इटालियन भाषेनं या कामाच्या गिरणीसाठी घेतलेला 'ग्वाल्किएरा' हा शब्दही याच जर्मानिक धातूचा.

आता हे काम काय होतं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण आडनावाची सगळी गंमत त्यातच आहे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं आणि त्यात मेंढीच्या अंगची चिकट चरबी असते. ते लाकडी किंवा दगडी कुंडात घालून त्यावर पाणी आणि शिळं मूत्र ओतत. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. शिवाय तेल शोषून घेणारी एक माती घालत. मग माणसं अनवाणी कुंडात उतरून ते कापड तासन् तास तुडवत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल आणि रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, जाड होतं आणि वारा-पाऊस अडवण्याइतकं घट्ट बनतं. शेवटी ते लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. या आकड्यांना 'टेंटरहुक' म्हणत. जीव टांगणीला लागण्यासाठी इंग्रजीत जो 'टेंटरहुक्स'चा वाक्प्रचार आहे, तो इथलाच.

ती माती म्हणजे 'फुलर्स अर्थ'. आपण तिला मुलतानी माती म्हणतो! यातला फुलर म्हणजेच वॉकर. धंदा एक, पण इंग्लंडात त्याची तीन नावं होती आणि तिन्हींची आडनावं झाली. उत्तरेकडे आणि मध्य भागात वॉकर. आग्नेयेकडे, म्हणजे केंट, ससेक्स, सफोक या बाजूला, फुलर. हा शब्द लॅटिन 'फुल्लो'वरून आला आहे. आणि नैऋत्येला डेव्हन, सॉमरसेटमध्ये टकर. टकरमागचं जुनं क्रियापद 'तुकियन', अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा तो टकर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात विणकर आणि कापड मळणाऱ्यांच्या संघाची पंधराव्या शतकातली वास्तू अजून उभी आहे आणि तिचं नावही 'टकर्स हॉल' असंच आहे. म्हणजे एखाद्याचं आडनाव वॉकर, फुलर की टकर यावरून त्याचे पूर्वज साधारण इंग्लंडच्या कुठल्या भागातले, याचा अंदाज करता येतो. एकाच भाषेच्या बोलींचा नकाशा असा आडनावांत टिकून राहिलेला फार क्वचित पाहायला मिळतो, आणि मला या शब्दांत सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

चौदाव्या शतकात जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या मंडळींनी बायबलचं इंग्रजी केलं, तेव्हाही हे लक्षात घ्यावं लागलं. येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरचा कुणी तशी करू शकणार नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात आहे. त्यांच्या सुरुवातीच्या पाठात तिथे 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' अशी जोडी येते. उत्तर-दक्षिणेच्या दोन्ही वाचकांना कळायला हवं होतं!

पाय मात्र या कामातून लवकर बाहेर पडले. इंग्लंडात 1185 सालच्या नोंदींत पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या दिसतात. पाणचक्कीला जोडलेले लाकडी हातोडे कापड कुटत. आडनावं वडिलांकडून मुलाकडे कायमची जाऊ लागली ती मुख्यतः त्यानंतर, तेराव्या-चौदाव्या शतकात. त्यामुळे कित्येक मूळ वॉकर स्वतः कापड तुडवणारे नसून गिरणी चालवणारे असणार. वेल्श भाषेत अशा गिरणीला 'पँडी' म्हणतात. 'टोनीपँडी' या गावाच्या नावात ती आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र विसाव्या शतकापर्यंत बायका फळीभोवती बसून ओलं कापड आपटत आणि त्या ठेक्यावर गेलिक गाणी म्हणत, जशा आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या.

तिन्हींत वॉकरच सर्वांत जास्त का पसरलं? एक कारण यॉर्कशर आणि लँकशर: तिथला लोकरीचा धंदा वाढत गेला, औद्योगिक क्रांतीत लोकसंख्याही भरमसाट वाढली. दुसरं कारण स्कॉटलंड: गेलिकमध्ये 'कापड मळणाऱ्याचा मुलगा' या अर्थाचं आडनाव होतं, त्यातल्या काही घराण्यांनी इंग्रजीत वॉकर लावलं. पुढे स्थलांतरितांबरोबर ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेलं. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त वॉकर होते आणि आडनावांत त्याचा क्रमांक 31 वा होता. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या नावातला 'डब्ल्यू' म्हणजेही वॉकर. ते त्यांच्या आजीच्या माहेरचं आडनाव. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतही हे आडनाव भरपूर आहे. केशप्रसाधनांच्या उद्योगानं नाव कमावलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांच्याकडे ते पतीकडून आलं होतं. गुलामगिरीच्या काळात आणि नंतर अनेकांना मालकाचं आडनाव लागलं, त्यामुळे अशा घराण्यांत कापड तुडवणारा पूर्वज शोधण्यात अर्थ नाही. तसंच न्यूकॅसलजवळ वॉकर नावाची एक वस्ती आहे. तिच्या नावाचा अर्थ 'रोमन भिंतीजवळची दलदल' असा, धंद्याशी काहीही संबंध नसलेला. थोडी घराणी तिच्या नावावरूनही आलेली असू शकतात.

'चालणारा' हा समज घट्ट व्हायला एका चित्राचाही हातभार लागला. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकच्या जॉन वॉकरनं 1820 मध्ये किराणा दुकान थाटलं. त्याच्या नावानं निघालेल्या व्हिस्कीसाठी 1908 मध्ये टॉम ब्राउन या चित्रकारानं टोपी-काठीवाला, झपझप चालणारा माणूस काढला. त्याच व्हिस्कीवरून मुंबईच्या बेस्ट बसमधले कंडक्टर बद्रुद्दीन काझी पडद्यावर जॉनी वॉकर झाले. लोकर कुटणाऱ्यांचं आडनाव असं मुंबईच्या बसमधून हिंदी सिनेमात पोहोचलं.

राहिला शेवटचा भाग. कापडाच्या धंद्यावरून आपल्याकडे रंगारी, शिंपी, साळी, कोष्टी, पिंजारी अशी नावं-आडनावं आहेत, पण वॉकरच्या नेमक्या जोडीचं आडनाव मी तरी सांगू शकत नाही. यामागे तंतूचा गुण असावा असं मला वाटतं. आपलं कापड मुख्यतः सुती, आणि सुताला खवले नसल्यामुळे ते कितीही तुडवलं तरी लोकरीसारखं जमून येत नाही. लोकर आपल्याकडे आहे, पण ती दख्खनी मेंढीची, राठ. सणगर तिची घोंगडी विणतात आणि तिला ताठपणा आणण्यासाठी चिंचोक्याची खळ देतात. म्हणून मराठीत अर्थ द्यायचाच झाला तर 'लोकरीचं कापड तुडवणारा' असा सरळ द्यावा; 'धोबी' किंवा 'परीट' म्हटल्यास धुणं तेवढं येतं, घट्ट करणं राहून जातं.