तांब्याची तार तापवून थंड केली, तर तिची वाहकता खरंच वाढते का?

वाढते, पण फार तर दोन-तीन टक्के. आणि तुमची तार वायरिंगची किंवा वाइंडिंगची म्हणून विकत आणलेली असेल, तर तेवढेही हाती लागणार नाहीत. कारखान्यातून निघतानाच ती तापवून मऊ केलेली असते. कॉइल गुंडाळण्याआधी तार गॅसवर लाल करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका करू.

तार डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढून बारीक करतात. ओढताना आतले स्फटिक ताणले जातात, अणूंच्या रांगा जागोजागी विस्कटतात आणि तिथे इलेक्ट्रॉन अडखळतात. पुरेसं तापवलं की जुन्या स्फटिकांच्या जागी नवे, नीट रांगांचे स्फटिक तयार होतात. हेच ॲनिलिंग. १९१३ साली वाहकतेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं तेही अशा मऊ तांब्यावरच: २० अंश सेल्सिअसला १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध ०.०१७२४१ ओहम, म्हणजे १०० टक्के. त्या मापात कडक ओढलेली तार ९७च्या आसपास भरते. आजचं तांबं तेव्हापेक्षा शुद्ध असल्यामुळे मऊ तार १०१ टक्केही दाखवते, त्यात मोजणाऱ्याची चूक नसते.

चूक मी केली होती, ती वेगळी. तारेच्या चाचण्या करायला नवीन होतो तेव्हा ओव्हनमधून काढलेला नमुना हाताला गार लागला म्हणून लगेच मोजला, तर रोध न तापवलेल्या नमुन्यापेक्षा जास्तच! ॲनिलिंगने वाहकता घटते असा शोध लागल्याच्या आनंदात मी अर्धा दिवस होतो. मग थर्मामीटर लावला: कडक नमुना २५ अंशांवर, माझा ३५ वर. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. म्हणजे ॲनिलिंगची सगळी कमाई आठ अंशांच्या फरकात बुडते. कॉइल चालू झाली की ती याहून कितीतरी जास्त तापेल, हेही लक्षात घ्या.

साध्या मल्टिमीटरने हा फरक दिसणारही नाही. १ मिमी व्यासाची १० मीटर तार मऊ असेल तर सुमारे ०.२२० ओहम, कडक असेल तर ०.२२६. मीटरच्या दोन वायरींचाच रोध याच्या आसपास असतो. मोजायचंच असेल तर चार टोकांची पद्धत वापरा: दोन टोकांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं.

आता गॅसचं. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ लेप, असतं. ते जळालं की वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होतील, कॉइलच राहणार नाही. उघड्या तारेवर काळी पापडी येते, ती झडते, आणि तेवढं तांबं गेलं. शिवाय नेहमीच्या विजेच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन मुद्दाम ठेवलेला असतो. तो इतर अशुद्धींना बांधून ठेवतो, म्हणून एरवी फायद्याचाच. पण ज्वाळेतला हायड्रोजन लाल तांब्यात शिरला की दोघांची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि आतून भेगा पडतात. अशी तार वाकवताच तुटते. म्हणून कारखान्यात धावत्या तारेतूनच प्रवाह सोडून ती वाफेच्या किंवा नायट्रोजनच्या आवरणात क्षणभर तापवतात आणि लगेच गार करतात. हो, लगेच. पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, तसं तांब्याचं होत नाही. सावकाश थंड करायची गरज नाही.

तार नळाच्या तांब्यासारखी फॉस्फरस असलेली निघाली, तर कितीही तापवा. जेमतेम ०.०४ टक्के फॉस्फरसने वाहकता ८०च्या खाली येऊ शकते, आणि हा आजार भट्टीत बरा होत नाही.

कॉइलचा रोध कमी करायचा असेल तर जाडी बघा. १ मिमीच्या जागी १.०२ मिमी तार घेतली की छेद ४ टक्क्यांनी वाढतो. ॲनिलिंगच्या पूर्ण फायद्यापेक्षा जास्त, तेही काहीही न जाळता. बॉबिनवर जागा किती शिल्लक आहे ते मोजून सांगा, मग वेढ्यांचा हिशोब करता येईल.