गोचीड वरून पडत नाही, खालून चढते

प्रश्न : डॉक्टर, आमची काजूची बाग आहे. मार्च-एप्रिलात झाडाखाली बसून बोंडांच्या बिया काढतो. घरी आल्यावर मांडीला, कमरेला तिळाएवढ्या गोचिडी चिकटलेल्या दिसतात. त्या झाडावरून पडतात ना? यंदा डोक्याला फडकं बांधलं, तरी चावल्याच.
– एक वाचक, दोडामार्ग तालुका

उत्तर : ताई, डोकं झाकलंत, पण त्या खालच्या पाचोळ्यातून आल्या. गोचिडीला उडता येत नाही की उडी मारता येत नाही. मानेवर सापडली तरी बहुधा ती पायाकडूनच चढत गेलेली असते.

गुरांचा डॉक्टर म्हणून मी बागांमधून पांढरा पंचा पाचोळ्यावरून ओढत फिरलो आहे. थोड्या वेळाने उलटून बघावं, तर त्यावर बारीक ठिपके चालत असतात. एकदा गवताच्या पात्याच्या टोकावर एक निपचित बसलेली दिसली. तिच्यावर हळूच श्वास सोडला, तशी तिने पुढचे दोन पाय पसरले आणि हवेत चाचपू लागली. त्याच पायांच्या टोकाशी तिचं वास घेण्याचं इंद्रिय असतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास, अंगाची ऊब तिला त्यातून कळते. कपडा घासला की ती धरते आणि मऊ कातडी शोधत वर सरकते. तुम्ही तर पाचोळ्यातच मांडी घालून बसता!

कातडी कापून ती करवतीसारखी दातेरी सोंड आत घालते. दाते मागे वळलेले, म्हणून ओढली तर सहज निघत नाही. लाळेमुळे चावा जाणवतही नाही. रॉकेल, तेल, चटका यांतलं काही करू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका.

हे कळकळीने सांगतो, कारण आपल्याकडे गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा माकडताप आहे. तो १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, दोडामार्गात २०१६ साली आला. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवं अंग शोधायला आसपास उतरतात. तिकडे फिरकू नका, आरोग्य केंद्राला कळवा. बसायच्या जागेचा पाचोळा आधी झाडून काढा, पायजम्याची टोकं मोज्यात खोचा, घरी येताच आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. बागेतून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आधी सांगा.