महागडी दुर्बीण पारखताना

प्रश्न : पक्षीनिरीक्षणासाठी उंची दुर्बीण घ्यायची आहे. ८×४२ आणि १०×४२ दोन्ही हाताळल्या, पण दुकानात सगळ्याच छान दिसतात. फरक ओळखायचा कसा? मला चष्मा आहे.

उत्तर : दुकानाच्या उजेडात फरक कळतच नाही, संध्याकाळी उघड्यावर पाहा. ८×४२ मध्ये ८ म्हणजे किती पट मोठे दिसते ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५ मिमी, तर १०च्या दुर्बिणीत ४.२ मिमी जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. झाडीत, कमी उजेडात हा फरक जाणवतो. शिवाय १० पटीत हाताचा कंपही जास्त दिसतो. आमचा कौल ८×४२ला.

आधी जुळणी नीट करा. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून, चाक न हलवता, डायऑप्टरने (एका डोळ्यापुरती स्पष्टता जुळवणाऱ्या कड्याने) उजव्या डोळ्याला. हे न करताच अनेक जण चांगली दुर्बीण नापसंत करतात!

आता उजळ आकाशासमोरची निष्पर्ण फांदी पाहा. कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर रंगदोष आहे. मध्यभागी तो जवळजवळ दिसू नये. अगदी काठावर थोडा चालतो.

चष्म्यासाठी आयकप (डोळ्याशी टेकणाऱ्या कडा) पूर्ण आत दाबा. दृश्याची गोल कड सगळीकडून दिसायलाच हवी. साधारण १६ मिमीपेक्षा कमी आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून जितका दूर ठेवता येतो ते अंतर) असेल तर कड कापली जाते.

दहा मिनिटे सलग पाहून डोळे ताणले, तर दोन्ही नळ्या समांतर नसण्याची शक्यता आहे. ती दुर्बीण घेऊ नका.