टेकडीवर पहिला चौकोन टाकण्याआधी

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वनस्पतींचा सर्व्हे करायचा म्हणतोस ना, मग पहिले दोन रविवार कॅमेरा घरीच ठेव. फोटोच्या नादात माणूस फुलं तेवढी बघतो, गवत बघतच नाही; आणि आपल्या टेकड्यांचा जीव तर गवतात आणि खुरट्या झुडपांत आहे.

चौकोन म्हणजे जमिनीवर आखलेला तुकडा; त्याच्या आत काय काय उगवलंय ते नोंदवायचं. गवतासाठी 1 मीटर बाय 1 मीटरचा चौकोन पुरतो. सुतळी आणि चार खुंट्या, बास. जागा मात्र नकाशावर जाळी आखून चिठ्ठ्या काढून ठरव. मी पहिल्या वर्षी "इथे छान दिसतंय" म्हणत चौकोन टाकत गेलो आणि अख्खा पावसाळा वाया घालवला. आकडे देखणे होते, पण टेकडीचे नव्हे, माझ्या आवडीचे. एखादी जात सापडली नाही तर 0 लिही. रकाना कोरा सोडलास तर डिसेंबरात आठवत नाही, ती नव्हती की तू बघितलीच नाहीस.

गिरिपुष्पाखाली चौकोन हमखास टाक. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, इथे लावलेलं. त्याच्या सावलीत काय उगवतं ते शेजारच्या उघड्या माळाशी ताडून बघ. गुरं, पायवाट, वणव्याची राख, सगळं शेऱ्यात.

नाव येत नसेल तर "गवत क्र. 7" लिही, अंदाजाने ठोकू नकोस. नमुना तोडायचा तर आधी वनखात्याची परवानगी. मग रद्दीत दाबून कागद रोज बदल, नाहीतर बुरशी ठरलेली.

आणि कंदीलपुष्प, म्हणजे कंदिलासारखं फूल येणारी कंदवाली रानवनस्पती, दिसलं तर लोकेशन ग्रुपवर टाकू नकोस. कंद उकरणारेही ग्रुपवर असतात.