दोन प्रथिनांमधील बंध तोडणारा लहान रेणू खरोखर औषध होऊ शकतो का?

दोन प्रथिने जिथे एकमेकांना बिलगतात तो पृष्ठभाग विस्तीर्ण आणि सपाट असतो, मग एवढासा रेणू तो बंध कसा तोडणार, ही तुमची शंका रास्त आहे. असा पृष्ठभाग बहुधा १५०० ते ३००० चौरस अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) पसरलेला असतो आणि विकरांमध्ये (एन्झाइम्समध्ये) आढळते तशी खोल खाच तिथे सहसा नसते.

मात्र या पृष्ठभागाचा प्रत्येक भाग सारखाच महत्त्वाचा नसतो. मानवी वाढ-संप्रेरक आणि त्याचा ग्राही (ते ज्याला चिकटते ते पेशीवरील प्रथिन) यांच्या संपर्कातील अमिनो आम्ले एकेक करून बदलून पाहिल्यावर, बंधाची बहुतेक ताकद मोजक्या आम्लांतूनच येते, असे १९९५ मध्ये दिसून आले. रेणूने तेवढी जागा अडवली तरी पुरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला व्हेनेटोक्लॅक्स या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाचे वाटते. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीमृत्यू घडवणाऱ्या प्रथिनांचा सर्पिल भाग आपल्या खोबणीत धरून ठेवते, आणि त्यामुळे एरवी मेली असती अशी कर्करोगपेशी जगत राहते. ॲबट कंपनीतील संशोधकांनी एनएमआर या, रेणूंची रचना चुंबकीय क्षेत्रात तपासण्याच्या तंत्राच्या साहाय्याने बीसीएल-एक्सएल या भावंड-प्रथिनाच्या खोबणीत शेजारी-शेजारी बसणारे दोन छोटे तुकडे शोधले, ते जोडले आणि त्यातून पुढे एबीटी-७३७ हा रेणू घडवला. तो तोंडावाटे देता येत नव्हता. त्यानंतरचा नॅव्हिटोक्लॅक्स देता येत होता, पण तो बीसीएल-एक्सएललाही अडवत असे, आणि प्लेटलेट्सचे जगणे नेमके त्याच प्रथिनावर अवलंबून असल्याने रुग्णांच्या प्लेटलेट्स घटत. माझ्या मते खरी कसोटी इथेच होती, कारण या दोन प्रथिनांच्या खोबणी विलक्षण सारख्या आहेत. स्फटिकरचनेवरून लक्षात आले की, बीसीएल-२ मध्ये १०३ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल आहे, तर बीसीएल-एक्सएलमध्ये त्याच ठिकाणी ग्लुटामिक आम्ल. एवढ्याशा फरकाचा आधार घेऊन फक्त बीसीएल-२ निवडणारा रेणू, म्हणजेच व्हेनेटोक्लॅक्स, रचला गेला आणि अमेरिकेत एप्रिल २०१६ मध्ये दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याचा रेणुभार सुमारे ८६८ आहे. तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी ५०० ची मर्यादा पाळावी, हा प्रचलित संकेत त्याने सरळ ओलांडला.

तेव्हा अभ्यासासाठी प्रथिनांची जोडी निवडताना, एका प्रथिनाचा आखूड सर्पिल भाग दुसऱ्याच्या खोबणीत शिरतो का, हे आधी पाहावे. कर्करोग रोखणारे पी५३ आणि त्याला आवर घालणारे एमडीएम२ या प्रथिनांची जोडी अशीच आहे: पी५३ ची फेनिलॲलानिन, ट्रिप्टोफॅन आणि ल्यूसिन ही तीनच आम्ले एमडीएम२ मध्ये खोलवर रुततात, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले नटलिन रेणू त्याच तीन जागा व्यापतात.