मोटरवेची सगळी वाहतूक एकाच केंद्रीय संगणकाकडे का सोपवत नाहीत?

कोंडीचा अंदाज आधीच बांधता येत असेल तर मोटरवेचे सगळे नियंत्रण एकाच संगणकाकडे का नसते, असे आपण विचारले आहे.

अंदाजाची गरज खरीच आहे. कोंडी एकदा झाली की तिच्या तोंडातून बाहेर पडणारी वाहतूक रस्त्याच्या क्षमतेपेक्षा साधारण ५ ते १५ टक्क्यांनी कमी भरते, त्यामुळे कोंडी झाल्यावर केलेला उपाय हा उशिराचाच असतो. म्हणून पूर्वानुमानी नियंत्रणात संगणक मेटानेटसारख्या, वाहतुकीच्या गणिती प्रतिमानावर रॅम्पचे (म्हणजे मोटरवेवर चढणाऱ्या जोडरस्त्यांचे) सिग्नल आणि वेगमर्यादा यांचे पर्याय पुढच्या काही मिनिटांसाठी चालवून पाहतो, एकूण प्रवासवेळ सर्वांत कमी ठेवणारा पर्याय निवडतो, पण त्याचा पहिला टप्पाच अमलात आणतो आणि नवी मोजमापे आली की सारे गणित पुन्हा मांडतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात यावर बरेच काम झाले आहे.

अडचण गणिताच्या आकाराची आहे. रॅम्प वाढतात तसे पर्याय बेसुमार वाढतात आणि उत्तर मात्र मिनिटाभरात हवे असते. म्हणून रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र नियंत्रक दिला जातो. आपण किती वाहने पुढे सोडणार आणि पुढचा किती सामावून घेऊ शकेल, याची देवाणघेवाण शेजारी नियंत्रक काही फेऱ्यांत करतात. ती झाली नाही, तर मागचा तुकडा स्वतःला मोकळा करून घेतो आणि कोंडी पुढच्याच्या गळ्यात मारतो.

प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र याहून साधी पद्धत रुजलेली दिसते. मेलबर्नच्या मोनॅश फ्रीवेवर २००८ मध्ये सहा रॅम्पांवर ‘हीरो’ ही प्रणाली वापरून पाहिली गेली. एरवी प्रत्येक रॅम्प आपल्या पुढच्या भागातील सेन्सरच्या मोजमापांवरून हिरवा दिवा कमीजास्त करतो. पण एखाद्या रॅम्पवरची रांग ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की तो प्रमुख ठरतो आणि मागचे रॅम्प त्याच्यासाठी स्वतःकडची वाहने थोडी जास्त वेळ थोपवून धरतात. यात लांबचे भविष्य पाहणे नाहीच, आहे तो समन्वय, आणि माझ्या मते फायद्याचा मोठा वाटा समन्वयाचाच असतो. अर्थात मागच्या रॅम्पांवर वाहने उभी करायला जागा शिल्लक असेल, तोवरच हे चालते.